झाकोळलेल्या दीर्घिका: शब्द एक, मोजमापे दोन

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुके उतरले की अजिंक्यतारा पाहता पाहता नाहीसा होतो, गाडीतला रेडिओ मात्र वाजत राहतो. दूरच्या पुष्कळ सक्रिय दीर्घिकांचे, म्हणजे ज्यांच्या केंद्रातले महाकाय कृष्णविवर वायू गिळत असते त्यांचे, असेच आहे. केंद्रातल्या कृष्णविवराभोवती वायू आणि धुळीचा पडदा इतका दाट असतो की दृश्य प्रकाश आतच मुरतो. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तो भेदून येतात.

सुरुवात १९६२ची. न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या रॉकेटने काही मिनिटांच्या उड्डाणात सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला, आणि आकाशभर पसरलेली मंद क्ष-किरण झळाळीही. पुढे तिची ऊर्जा ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (केव्ही) आसपास सर्वाधिक असल्याचे दिसले. माहीत असलेल्या उघड्या दीर्घिकांची बेरीज काही त्याच्याशी जुळेना. झाकोळलेल्या दीर्घिका मोठ्या संख्येने असतील तरच हे जमेल, असा हिशेब १९८९ मध्ये मांडला गेला.

खरा गुंता ‘झाकोळलेली’ या शब्दातच आहे. दृश्य प्रकाशात काम करणारे वर्णपटात रुंद रेषा शोधतात; त्या कृष्णविवराजवळ वेगाने फिरणाऱ्या वायूची खूण. त्या नसल्या की दीर्घिका झाकोळलेली. क्ष-किरणवाले दृष्टिरेषेतला वायू मोजतात: दर चौरस सेंटिमीटरमागे हायड्रोजनचे अणू १ वर २२ शून्ये याहून जास्त भरले की दीर्घिका झाकोळलेली. पहिली कसोटी धुळीची, दुसरी वायूची. कृष्णविवराच्या अगदी जवळ धूळ टिकत नाही, वायू टिकतो. तो क्ष-किरण गिळतो, पण रुंद रेषा दिसू देतो. मग एकच दीर्घिका एका यादीत उघडी, दुसरीत झाकलेली.

त्यापुढचा शब्द ‘कॉम्प्टन-जाड’. म्हणजे वायूचा पडदा फारच दाट असलेली दीर्घिका. नेमकी सीमा १५ वर २३ शून्ये इतके अणू. पुष्कळ ठिकाणी सोयीसाठी १ वर २४ शून्ये धरतात. या जाडीला थेट येणारे कमी ऊर्जेचे किरण जवळजवळ संपतात. उरतो तो पडद्यावरून परावर्तित झालेला अंश आणि लोखंडाची ६.४ केव्हीची रेषा. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या अशा स्रोताकडून मोजकेच फोटॉन हाती लागतात, आणि पडद्याचे कोणते प्रारूप (गणिती नमुना) बसवले यावर जाडी ठरते. म्हणून अशा दीर्घिकांचा वाटा कोणी एक दशांश सांगतो, कोणी निम्मा. सीमा आणि प्रारूप शेजारी दिलेले नसेल, तर तो आकडा वापरूच नये असे मला ठामपणे वाटते.

१९९९ मध्ये क्ष-किरण टिपणारी चंद्रा दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्र बदलले. अश्मंत तारकासमूहातल्या, पूर्ण चंद्राहून लहान अशा एका तुकड्याकडे तिने तुकड्यातुकड्यांनी एकूण ७० लाख सेकंद, म्हणजे सुमारे ८१ दिवस पाहिले आणि हजारेक स्रोत वेचले. (डिसेंबरअखेर रात्री दहाच्या सुमारास हा तुकडा साताऱ्याहून दक्षिणेला, क्षितिज आणि माथा यांच्या निम्म्यावर असतो.) एकाच जागी घालवलेला एवढा वेळ सार्थकी लागला. इथे अंतरच मदतीला येते: विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश ताणला जातो आणि त्याची ऊर्जा घटते; त्याचे माप म्हणजे ताम्रसृती. ती २ असेल तर ऊर्जेला एक अधिक दोन, म्हणजे तीनने भागायचे: तिथले २१ केव्ही इथे ७ होऊन पोचतात, चंद्रा दुर्बिणीच्या टप्प्यात. जवळच्या दीर्घिकांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी २०१२ ची, ३ ते ७९ केव्ही पाहणारी नूस्टार ही क्ष-किरण दुर्बीण लागली.

२०२२ पासून जेम्स वेब दुर्बिणीला सापडत असलेल्या ‘छोट्या लाल ठिपक्यांनी’, म्हणजे फार दूरच्या, लहानशा लाल स्रोतांनी, तोच शब्द पुन्हा वादात ओढला आहे. त्यांतल्या पुष्कळांत रुंद रेषा आहेत, पण चंद्रा दुर्बिणीच्या खोल चित्रांत त्यांच्या जागी बहुतेकदा काहीच नाही. काहींच्या मते आत कॉम्प्टन-जाड वायू आहे, काहींच्या मते क्ष-किरण मुळातच कमी निघतात. ताम्रसृती ५ ला इथले ७ केव्ही म्हणजे तिथले ४२. तेही अडवायचे तर पडदा त्या सीमेच्या बराच पुढे हवा.