चायनीज खाणं आणि अजिनोमोटोची भीती

‘चायनीजमधल्या अजिनोमोटोने डोकं दुखतं,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. या समजाचं मूळ १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रात आहे. त्यात सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ, एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते) अशा नुसत्या शंका होत्या, प्रयोग नव्हता. तरी पिढीजात चिनी खाणावळींना ‘एमएसजी नाही’ अशा पाट्या लावाव्या लागल्या, हा अन्यायच.

पुढे कशात काय घातलंय ते न सांगता चाचण्या झाल्या. उपाशीपोटी एकदम ३ ग्रॅम किंवा जास्त एमएसजी घेतल्यावर काहींना थोडा वेळ त्रास झाला. जेवणातून घेतल्यावर ठोस संबंध दिसला नाही. हेच ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्येही असतं.

सूप-वेफर्सच्या पाकिटामागे ‘६२१’ शोधा. तोच हा एमएसजी. ते खाऊन डोकं दुखतं का, बघा.