घमेलं खाली ठेवा

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चाललं होतं. तिथं काही दगड वेगळे दिसले. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळानं चर घेतले, तर खाली मंदिराचा सभामंडप! मग अजून खाली किती आहे ते बघू म्हणून खणलं आणि जून २०२४ मध्ये सुमारे सव्वादोन मीटरवर शेषशायी विष्णू निघाला. लांबी १.७० मीटर, पायाशी लक्ष्मी, सोबत समुद्रमंथनाचा पट. दगड क्लोराइट शिस्टचा. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टचा नव्हे, म्हणजे बाहेरून आलेला.

मूर्तीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला कौतुक आहे ते आधी दगड ओळखणाऱ्या नजरेचं.

पडक्या वास्तूची डागडुजी म्हटली की खणणं आलंच. पाणी काढायला नाली, भिंतीच्या आधाराला पाया. माती परत भरता येते, थर परत लावता येत नाहीत. म्हणून अशा कामावर पुरातत्त्वाचा जाणकार उभा असावा लागतो. तो बघतो काय? चराची कड. खुरप्यानं ती सरळ तासायची, वर थोडं पाणी शिंपडायचं, की रंग उठतात: राखेचा करडा पट्टा, चुन्याचे ठिपके, खाली अस्सल काळी. जुन्या गवंड्यानं पायासाठी खणलेला चरही त्यात ओळखू येतो, कारण त्यातला भराव मिसळीचा असतो. त्या भरावात दबलेलं सगळ्यात अलीकडचं खापर ज्या काळातलं, त्याच्या आधीची ती भिंत असूच शकत नाही.

आपली काळी माती मात्र मोठी फसवी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं नाणं त्यातून खाली उतरतं, पावसात माती फुगते, भेग मिटते आणि कालपरवाचं नाणं जुन्या थरात जाऊन बसतं. एकट्या नाण्यावरून काळ ठरवायचा नाही, तो यासाठी.

हे सगळं वेळखाऊ. जेसीबी तासावर ठरलेला, त्यामुळे ‘थांबव’ म्हणणारा कंत्राटदाराला नकोसाच वाटतो.

संरक्षित वास्तूवर निदान कोणी थांबवणारा असतो. गावची पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण आणि ढासळलेल्या मातीच्या भिंती. तिच्यातून नळयोजनेची नाली जाते, तेव्हा काठावर उभी असतात फक्त पोरं, जेसीबी बघायला.