हलकी गिरिभ्रमण सामग्री

हलकी गिरिभ्रमण सामग्री : डोंगरात पायी हिंडताना व मुक्काम करताना पाठीवर न्यायचे सामान कमीत कमी वजनात बसावे, अशा रीतीने ते निवडण्याची आणि वापरापूर्वी पारखून घेण्याची पद्धती. सॅक, निवारा, अंथरूण-पांघरूण, पावसाळी कपडे, पादत्राणे, स्वयंपाकाची साधने व विजेरी यांचा तीत समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत सातारा जिल्ह्याचा सह्याद्री आणि त्याला लागून असलेला सांगलीचा डोंगराळ भाग मुख्यतः विचारात घेतला आहे. या विषयातील प्रचलित मोजमापे बव्हंशी थंड व कोरड्या पर्वतप्रदेशांसाठी घडलेली आहेत. सातारच्या घाटमाथ्यावर सामानाची परीक्षा पाऊस घेतो. त्यामुळे कोरड्या वजनापेक्षा ओल्या वजनाचा हिशेब येथे अधिक निर्णायक ठरतो.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकी परंपरेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांना आद्य प्रवर्तक मानण्याकडे कल आहे. प्रकृतीने किरकोळ असलेल्या सिअर्स यांनी १८८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक या डोंगराळ प्रदेशातून एकट्याने प्रवास केले आणि त्यांपैकी एकासाठी सु. ४.८ किग्रॅ. वजनाची होडी खास बांधून घेतली. तथापि हे प्रवास मुख्यतः जलमार्गाने झालेले असल्याने पाठीवरच्या ओझ्याच्या संदर्भात त्यांचा दाखला जपून घ्यावा लागतो. ब्रिटिश परंपरा टॉमस हायराम होल्डिंग यांच्याकडे बोट दाखवते. होल्डिंग व्यवसायाने शिंपी होते. सायकलवरून नेता येईल इतक्या हलक्या तंबूचा त्यांनी पुरस्कार केला आणि १९०१ मध्ये सायकलवरून शिबिराला जाणाऱ्यांची संघटना उभी केली. तिसरे मत अलीकडचे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी गिर्यारोहक रे जार्डिन यांनी तंबूऐवजी ताडपत्रीसारखे छत, झोपण्याच्या पिशवीऐवजी दुलई आणि जड बुटांऐवजी धावण्याचे बूट असा संच रूढ केला; आजची ‘अतिहलकी’ शैली त्यांच्यापासून सुरू झाली, असे या मताचे अनुयायी म्हणतात. त्याही आधी, १९५५ मध्ये, ६७ वर्षांच्या एमा गेटवुड घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ॲपलेशियन ही अमेरिकेच्या पूर्व भागातील लांब पल्ल्याची पायवाट एकट्याने चालून गेल्या होत्या. त्यांच्या सामानात निवाऱ्यासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा होता.

सामान कमी करणे आणि तेच सामान कापड, शिवण व तोल यांचा विचार करून हलके बनवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा पद्धतशीर विचार होल्डिंग यांच्या कामात सर्वांत आधी स्पष्टपणे दिसतो. म्हणून त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

महाराष्ट्रातील दुर्गप्रेमी या पद्धतीचे मूळ शिवकालीन सैन्याच्या सुटसुटीतपणात शोधतात. आकर्षक असले तरी हे मत मर्यादित अर्थानेच स्वीकारता येते. सभासद बखरीत (सामान्यतः १६९७ ची मानली जाते) लष्कराने पावसाळ्यात छावणीस यावे व दसऱ्याला स्वारीस निघावे, अशी व्यवस्था वर्णिलेली आहे. म्हणजे त्या सैन्याची चपळाई प्रामुख्याने कोरड्या ऋतूतली होती. भर आषाढात घाटमाथ्यावर हलक्या सामानानिशी राहण्याचा प्रश्न त्या व्यवस्थेने मोहिमा थांबवून सोडवला होता. अधिक जवळचा पूर्वज धनगरांच्या सामानात सापडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातून मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा संसार घोड्याच्या पाठीवर मावतो, आणि त्यातली घोंगडी एकाच वेळी अंथरूण, पांघरूण, बसकण व पावसातली खोळ होते. एका वस्तूकडून चार कामे करून घेणे हे आधुनिक हलक्या प्रवासाचेही मुख्य सूत्र आहे. मात्र एकापासून दुसरे निघाले असे म्हणण्यास आधार नाही; सारख्या गरजेतून आलेले हे साम्य समजावे.

वजनाची परिभाषा : अन्न, पाणी व इंधन वगळता पाठीवरच्या सर्व सामानाचे जे वजन भरते, त्यास पायाभूत वजन म्हणतात, अंगावरचे कपडे व पायांतले बूट त्यात धरत नाहीत. ते सु. ९ किग्रॅ.च्या आत असल्यास संच हलका व सु. ४.५ किग्रॅ.च्या आत असल्यास अतिहलका मानण्याचा संकेत आहे. हे आकडे २० व १० पौंड या सोयीच्या मर्यादांतून आलेले आहेत, त्यांमागे शरीरशास्त्रीय कारण नाही. पाणी हिशेबाबाहेर ठेवल्यामुळे सातारच्या पूर्व भागात ही परिभाषा अपुरी पडते. वारूगड, महिमानगड, संतोषगड यांसारख्या किल्ल्यांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्याने टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नये. माणशी ४ लि. पाणी घेतले, की ४ किग्रॅ. ओझे वाढलेच, महागड्या सॅकने वाचवलेले चार-पाचशे ग्रॅम तेथे सहज गिळले जातात.

प्रदेश व हवामान : महाबळेश्वरचे वार्षिक पर्जन्यमान ५,५०० मिमी.हून अधिक आहे, तर तेथून सरळ रेषेत शंभर किमी.च्या आत असलेल्या माण तालुक्यात ते सु. ५०० मिमी.वर येते. एकाच जिल्ह्यात सामानाच्या दोन याद्या लागतात, त्या यामुळे. कास, बामणोली, कोयनाकाठ व पाटणच्या पश्चिमेकडील रानात जून ते सप्टेंबर या काळात भिजलेली वस्तू उघड्यावर वाळत नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात खऱ्या, परंतु अशा रात्री थोड्या असतात.

कापड व जलरोध : हलक्या सामानाचा खरा विषय कापड आहे. प्रमाण वातावरणात (२०° से. व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता) तंतू हवेतून किती पाणी धरतो ते त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात : पॉलिएस्टर सु. ०.४, नायलॉन सु. ४, कापूस सु. ८, लोकर सु. १६. नायलॉन त्याच वजनात अधिक बळकट असल्यामुळे परदेशी छतांसाठी बहुधा सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन वापरतात. पण ते ओले झाले की ताणले जाते. संध्याकाळी ताठ बांधलेले छत रात्रीतून सैल पडते, त्यात पाण्याचे फुगे साचतात आणि अंधारात उठून दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. घाटमाथ्यावरच्या पावसाळी मुक्कामासाठी त्याच लेपाचे पॉलिएस्टर थोडे जड पडले तरी पत्करावे.

लोकरीचा आकडा सर्वांत मोठा आहे, तरी तिची गणना टाकाऊत करता येत नाही. पाणी तंतूच्या आत मुरत असल्याने ती ओलसर झाली तरी अंगाला गार लागत नाही. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, सनगरांनी (घोंगड्या विणणाऱ्या समाजाने) विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी रिमझिम पाऊस बराच वेळ अंगावरून ओघळू देते. तिचा दोष वजनाचा आहे, आणि मुसळधार पावसानंतर तो असह्य होतो. पातळ लोकरी बनियन हा मात्र त्याच गुणाचा हलका व उत्तम वापर आहे. सुती जीन्सला या यादीत कोणतेही स्थान नाही.

जलरोध पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिमी.मध्ये मोजतात. कापडाच्या एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उमटले की ती उंची नोंदवतात. किती मिमी. पुरेसे, याबद्दल दोन पक्ष आहेत. छतासाठी सु. १,५०० मिमी. पुरे, हा जुना व्यवहारी संकेत. दुसरा पक्ष असे दाखवतो, की मोठा थेंब सेकंदाला सु. ९ मी. वेगाने आदळतो व त्याचा क्षणिक दाब हिशेबाने सु. ४,००० मिमी. स्तंभाइतका भरतो. गणित बरोबर आहे. परंतु हा दाब अत्यल्प काळ टिकतो आणि ताणलेले कापड थोडे मागे सरून तो पचवते. छतापुरता जुना संकेत ग्राह्य धरण्यास हरकत नाही, मात्र तो आकडा नव्या कापडाचा असतो. ऊन, घडी व घर्षण यांनी तो घटत जातो. जमिनीवरच्या कापडाला वेगळा न्याय लावावा लागतो. गुडघा टेकताना ४० किग्रॅ. भार १०० चौ. सेंमी.वर आला, तर दाब ४,००० मिमी. स्तंभाएवढा होतो आणि तो क्षणिक नसतो. खालून चिखल, वरून गुडघा अशा वेळी १,५०० मिमी.चा तळ पाझरणारच.

‘श्वास घेणाऱ्या’ पावसाळी जाकिटांविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. या कापडांचा पाया ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्याने घातला (रॉबर्ट गोअर, १९६९). घामाची वाफ बाहेर पडते ती आतबाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. अंगालगतच्या ३३° से. दमट हवेचा बाष्पदाब सु. ५ किलोपास्कल असतो. बाहेर २०° से. व ३० टक्के आर्द्रता असेल, तर हा फरक सु. ४.३ राहतो, त्याच तापमानाला श्रावणातल्या ढगात, आर्द्रता १०० टक्के असताना, तो सु. २.७ वर येतो. त्यातच बाहेरचे कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसला, की वहन आणखी मंदावते. चढणीवर माणूस आतून भिजतो, तो यामुळे. म्हणून कित्येक अनुभवी भटके मोकळा पोंचो (मधोमध डोके घालायला भोक असलेली सैल पावसाळी खोळ) किंवा काखेत झडपा असलेला साधा रेनकोट पसंत करतात. वाऱ्याच्या धारेवर पोंचो उडतो, ही त्याची उणीव. कमरेला दोरी बांधून ती बरीचशी दूर होते. जावळी-पाटणकडे भातलावणी करताना डोक्यावरून पाठीवर घेतात त्या प्लॅस्टिकच्या खोळीत हवा खेळण्याचे हेच तत्त्व आहे, आणि तिचे वजन नगण्य असते.

सॅकवर वरून चढवायच्या आवरणात पाठीकडून ओघळ शिरतो व तळाशी पाणी साचते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचे तोंड पिळून बांधणे हा अधिक हलका, स्वस्त व खात्रीचा उपाय होय.

पांघरूण व पादत्राणे : झोपण्याच्या पिशव्यांवरील तापमानाचे आकडे तापवलेल्या पुतळ्यावर घेतलेल्या प्रमाणित चाचणीतून येतात. त्यांपैकी ‘आराम’ हा आकडा पाहून खरेदी करावी; ‘टोकाचा’ आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेचा नव्हे. हिमालयातल्या मोहिमेसाठी घेतलेली शून्याखालची पिशवी साताऱ्यात वाहणे म्हणजे निव्वळ ओझे. सु. १०° से. आरामाची पिशवी, लोकरी टोपी व अंगातले कोरडे कपडे यांवर येथील बहुतेक हिवाळी रात्री निभावतात. पिसांचे पांघरूण वजनाला सर्वांत हलके असते, परंतु ओल लागताच त्याचा फुगीरपणा जातो. पावसाळ्यात कृत्रिम भरणाचे घ्यावे.

पायांतले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या ४ ते ६ पट श्रम घेते, असे प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. जलरोधक जड बुटात घोट्यावरून पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही. जाळीदार हलका बूट भिजतो, पण चालता चालता निथळतो. शेवाळलेल्या काळ्या कातळावर तळव्याचे रबर किती मऊ आहे याला महत्त्व असते, नक्षीच्या खोलीला नाही. वाळलेल्या गवताच्या घसाऱ्यावर याच्या उलट. हंटर शूज (कापडी वरचा भाग व रबरी तळवा असलेले बूट) ही स्वस्त व टिकाऊ निवड पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. कोयना-चांदोलीच्या रानात जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे लागतात. टॉवेलऐवजी पंचा न्यावा, हे सांगण्याची गरज नाही.

चाचणी : पहिली चाचणी तराजूची. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तोलून लिहून ठेवावी. वेष्टनावर छापलेल्या वजनात खुंट्या, दोऱ्या व पिशव्या कित्येकदा धरलेल्या नसतात. दुसरी बादलीची. वस्तू दहा मिनिटे पाण्यात बुडवून, झटकून तोलावी. मग सावलीत दोरीवर टाकून तासाभराने पुन्हा तोलावी. ओल्या वजनाला कोरड्या वजनाने भागले असता जो आकडा येतो, त्यावरून दोन वस्तूंची तुलना करावी. तंतूच्या टक्केवारीपेक्षा हा आकडा अधिक खरा, कारण धाग्यांच्या पोकळ्यांत अडकलेले पाणीही त्यात मोजले जाते. तिसरी पाइपची. नळकामाच्या १ मी. लांब पाइपाच्या तोंडाशी कापड क्लिपने घट्ट आवळून, पाइप उभा धरून पाण्याने भरावा. एवढ्या १,००० मिमी. दाबालाच जे कापड गळते, ते पावसाळ्यात नेऊ नये. शिवण याच रीतीने तपासावी. बहुतेक छते कापडातून नव्हे, शिवणीच्या टोच्यांतून गळतात.

घरच्या चाचणीनंतर परतीची वाट जवळ असलेले ठिकाण निवडावे. सातारा शहरालगतचा अजिंक्यतारा यासाठी सोयीचा आहे. भर पावसात पूर्ण भरलेली सॅक घेऊन त्याची चढउतार केली, की पट्टे कोठे काचतात, आतली पिशवी कोरडी राहते का, ओल्या हातांनी बंद सुटतात का, हे कळते. छत व पांघरूण याआधी घराच्या गच्चीवर रात्रभर वापरून पाहावे. सांगलीच्या बाजूस मिरज तालुक्यातील दंडोबाचा डोंगर अशाच कामी येतो; तेथे पाऊस कमी असल्याने उन्हातल्या चालीची व पाण्याच्या नियोजनाची पारख अधिक होते.

मर्यादा : प्रथमोपचाराचे साहित्य, शिट्टी, विजेरी व तिचे जादा सेल, एक कोरडा उबदार कपडा आणि दिवसभराचे पाणी यांत वजन वाचवू नये. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाला वाऱ्यापावसात ओल्या कपड्यांनिशी २०° से.लाही हुडहुडी भरू शकते, आणि तेव्हा घरी ठेवलेले दोनशे ग्रॅम जिवावर बेततात.

मुक्कामाचे नियम सामानाची यादी बदलतात. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्या क्षेत्रातील वासोट्यावर वन विभागाच्या परवानगीने दिवसाउजेडी जाऊन परतावे लागते. तेथे तंबू व चूल नेणे निरर्थक आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावरही तंबू ठोकता येत नाही. गडपायथ्याच्या अनेक गावांत आगाऊ सांगितल्यास घरगुती जेवण व पडवीत पथारीपुरती जागा मिळते. अशा वाटांवर स्टोव्ह, गॅस व भांडी वगळल्याने जेवढे ओझे उतरते, तेवढे कोणत्याही महाग कापडाने उतरत नाही.