चिलिका : अडवलं की बिघडणारं पाणी

सोलापूर जिल्ह्यात तळं म्हटलं की डोळ्यांसमोर आधी बांध येतो. हिप्परग्याचा एकरुख तलाव घ्या, उजनीचा जलाशय घ्या, नाहीतर गावोगावचे पाझर तलाव घ्या. पाऊस बेताचा, म्हणून पडेल ते पाणी अडवायचं आणि पुढच्या मृगापर्यंत पुरवायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशा मुलखात राहणाऱ्याला, अडवलं की बिघडतं असंही एक सरोवर असतं, हे सहज पटत नाही. ते सरोवर आपल्याच गाडीच्या वाटेवर आहे. मुंबईहून सोलापूरमार्गे भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस बरहमपूर ओलांडून रंभा-बालुगावच्या पट्ट्यात शिरली की उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं आणि बराच वेळ ते सरत नाही. हे चिलिका, भारतातलं सगळ्यात मोठं निमखाऱ्या पाण्याचं सरोवर.

ओडिशाच्या पुरी, खुर्दा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलं आहे. लांबी साधारण ६४ किलोमीटर. क्षेत्रफळ मात्र एक सांगता येत नाही; पावसाळ्यात ते ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत जातं आणि उन्हाळ्यात ९०६ पर्यंत आक्रसतं. एवढा पसारा असूनही बऱ्याच भागात ते पुरुषभरही खोल नाही. बंगालचा उपसागर आणि चिलिका यांच्यामध्ये आहे तो फक्त वाळूचा एक लांबट, अरुंद दांडा. शाळेच्या भूगोलात ‘खाजण’ म्हणून जी आकृती काढायला लावतात, ती इथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

हा दांडा वाऱ्याने आणि लाटांनी घातला. शेवटचं हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी चढत गेली आणि साधारण सहा हजार वर्षांपूर्वी ती बऱ्यापैकी स्थिरावली. तेव्हा चिलिकाच्या जागी समुद्राचा आत शिरलेला उपसागर होता. नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा या किनाऱ्यावर लाटा तिरक्या आणून आदळवतो. तिरकी लाट वाळू थोडी पुढे सरकवते, परतताना सरळ उतारावरून मागे जाते आणि पुढची लाट तीच वाळू आणखी थोडी सरकवते. अशी ही वाळू मुख्यतः दक्षिणेकडून ईशान्येकडे चाललेली असते. तिनेच उपसागराच्या तोंडावर हळूहळू दांडा घातला आणि आत सरोवर उरलं. ही हालचाल आजही थांबलेली नाही. चिलिकाची सगळी दुखणी आणि त्यावरचे उपाय समजून घ्यायचे तर वाळूचा हा प्रवास ध्यानात ठेवावा लागतो.

आत पाणी येतं ते दोन बाजूंनी. उत्तरेकडून महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं. दया, भार्गवी, नूना ही त्या फाट्यांची नावं. कलिंगाचं युद्ध झालं असं मानतात ती हीच दयेच्या काठची धौली. पश्चिमेच्या डोंगरांतून लहानमोठे ओढेही उतरतात. दुसरीकडून, दांड्याला असलेल्या मुखातून भरतीबरोबर समुद्राचं खारं पाणी आत येतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चिलिकात हा आकडा जागेनुसार आणि महिन्यानुसार बदलतो. श्रावण-भाद्रपदात उत्तर भागात ओंजळीने प्यावं इतकं पाणी गोडं होतं, तर वैशाखात मुखाजवळ ते जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं. मधल्या पट्ट्यात आपल्याकडच्या एखाद्या बोअरसारखं मचूळ पाणी.

या खारेपणावरच कोण कुठे राहणार ते ठरतं. उत्तरेला नळगवताची दाट बेटं आहेत आणि गोड्या पाण्याच्या वनस्पती वाढतात. मधल्या आणि दक्षिणेच्या भागात स्वच्छ, उथळ पाण्याच्या तळाशी सागरी गवताची कुरणं आहेत. माशांची पिल्लं त्यांत लपतात. दक्षिणेला खडकाळ बेटं आहेत. त्यांतल्या बरकुडा बेटावर पाय नसलेली एक सापसुरळी सापडते. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. मातीत आणि पाचोळ्यात राहणारा हा प्राणी इतका गुप्त आहे की पुढे कित्येक दशकं तो कुणाच्या नजरेलाच पडला नाही.

जिताडा, बोय, कोळंबी, खेकडे यांचं जगणं मात्र मुखाशी बांधलेलं आहे. कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची नखाएवढीही नसलेली पिल्लं भरतीच्या प्रवाहाबरोबर मुखातून आत येतात, मचूळ पाण्यात खाऊन-पिऊन वाढतात आणि वयात आली की पुन्हा समुद्राची वाट धरतात. बोय माशाचंही असंच. जिताडा वाढतो आत आणि अंडी घालायला मुखाकडे, समुद्राकडे जातो. मुख बंद झालं की सरोवरात पाणी भरपूर असलं तरी नवी पिढी येत नाही, आणि आतल्या माशांना बाहेर जाता येत नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी नेमकं हेच झालं. सरकणाऱ्या वाळूने मुख ईशान्येकडे लोटत नेलं होतं. सरोवर आणि समुद्र यांना जोडणारी वाट दांड्याला समांतर, लांबच लांब आणि गाळाने अरुंद झालेली. सोलापुरात नळाला पाणी सुटल्यावर टाकीजवळच्या घरात धो धो धार आणि लाइनीच्या टोकाला करंगळीएवढी, हे आपण जाणतोच. भरतीचा जोर त्या लांब वाटेत तसाच मरायचा. खारं पाणी आत पोचेना. पुराबरोबर आलेला गाळ बाहेर पडेना. पाणी गोडं होत गेलं तशी जलपर्णी आणि इतर पाणवनस्पती फोफावल्या. मासळीचं उत्पादन घसरत वर्षाला दोन हजार टनांच्याही खाली गेलं.

चिलिका तेव्हा असुरक्षित होतं असं नाही. भरतपूरच्या केवलादेवसोबत १९८१ मध्ये रामसर करारातल्या, म्हणजे पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, यादीत दाखल झालेली ही भारतातली पहिली पाणथळ जागा. सरोवरातल्या नळबन बेटाला १९८७ मध्ये वन्यजीव कायद्याखाली अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. तरीही १९९३ मध्ये चिलिकाचं नाव माँट्रो नोंदवहीत गेलं. रामसर यादीतल्या ज्या जागांची तब्येत ढासळते आहे त्यांची ही वेगळी नोंद. मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. शिकार बंद करता येते, जंगलाची हद्द आखता येते, पण खाजणाचा जीव पाण्याच्या येण्याजाण्यात असतो आणि त्यावर सरकारी राजपत्राचा काही इलाज चालत नाही.

इलाज शोधण्यात महाराष्ट्राचाही हात आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेने चिलिकाच्या प्रवाहांचा प्रतिकृती करून अभ्यास केला. जुनी वाट उपसत बसण्यापेक्षा सरोवराच्या अधिक जवळ दांड्यालाच नवं मुख पाडावं, असा मार्ग त्यातून निघाला. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ सिपाकुडा इथे ते मुख उघडलं. समुद्राची वाट जवळपास १८ किलोमीटरने कमी झाली.

परिणाम दिसायला फार काळ लागला नाही. भरती जोराने आत येऊ लागली, ओहोटीबरोबर गाळ बाहेर निघू लागला, गोड्या पाण्यातलं तण मागे हटलं आणि सागरी गवताची कुरणं पसरली. दोनेक वर्षांत मासळी दहा हजार टनांच्या वर गेली. २००२ मध्ये चिलिकाचं नाव माँट्रो नोंदवहीतून काढलं गेलं, आशियातलं असं पहिलंच, आणि त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कार मिळाला. सरोवराच्या पोटात माती उपसण्यावर वर्षानुवर्षं खर्च करून जे साधलं नसतं, ते योग्य जागी पाडलेल्या एका फटीने साधलं. विज्ञानाने केलेल्या नीटस कामाचं याहून चांगलं उदाहरण आपल्या देशात शोधायला वेळ लागेल.

नळबनाची गंमत पाहण्यासारखी आहे. साडेपंधरा चौरस किलोमीटरचं हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जातं. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरू लागलं की चिखलाची मैदानं उघडी पडतात, आणि त्याच वेळी सायबेरिया, मंगोलिया, कॅस्पियनच्या परिसरातून पाखरं येऊन पोचतात. हिवाळ्यातल्या गणनेत त्यांची संख्या अलीकडे दहा लाखांच्या वर भरते. इतकी पाखरं एकाच ठिकाणी कशी पोट भरतात, याचं उत्तर त्यांच्या चोचींत आहे. काळ्या शेपटीचा मालगुजा पाहा. त्याची लांब, सरळ चोच मुळापर्यंत चिखलात जाते. आत किडा लागला की सगळी चोच उघडायची गरज नाही. चिखलाच्या आत फक्त टोक उघडतं आणि भक्ष्य पकडतं. छोटे टिवळे वरच्या बोटभर थरातच टिपत राहतात. थापट्या बदक चमच्यासारखी चोच पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवतं, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) डोकं उलटं करून गाळ चाळतो, तलवार बदक शेपूट वर करून बुडी मारतं. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा. पाण्याची पातळी हातभर वर राहिली तरी कित्येकांच्या चोची तळाला पोचत नाहीत.

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणकडे हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब पाहायला आपल्याकडची माणसं जातात. आपला जिल्हा आणि चिलिका दोन्ही मध्य आशियाई उड्डाणमार्गाखाली येतात. म्हणजे आपल्याकडचे काही पाहुणे आणि तिथले पाहुणे एकाच मुलखातून निघालेले असतात.

सरोवराच्या उत्तर काठावरचं मंगळाजोडी हे गाव एके काळी पाखरं मारून विकणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जायचं. त्याच गावातली माणसं आज पाखरांची राखण करतात आणि बांबूने रेटायच्या होडीतून पर्यटकांना नळगवतातून फिरवतात. पाखरू कुठे बसतं, कधी उठतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, म्हणून त्यांच्याइतके चांगले वाटाडे दुसरे मिळणं कठीण.

सातपाड्याच्या बाजूला इरावदी डॉल्फिन आहेत, साधारण दीडशे. चित्रांत पाहतो तशी लांब चोच यांना नसते. डोकं गोल, पाठीवरचा पंख छोटा. खाजणात राहणारे इरावदी डॉल्फिन जगात दोनच ठिकाणी आहेत, एक चिलिका आणि दुसरं थायलंडचं सोंगखला सरोवर. दर थोड्या वेळाने त्यांना श्वास घ्यायला वर यावं लागतं. गिलजाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येऊ शकला नाही तर तो गुदमरून मरतो. यंत्रहोडीच्या पंख्याने जखमा होतात त्या वेगळ्या.

आजही सगळं आलबेल नाही. उथळ पाण्यात जाळ्यांची आणि बांबूची कुंपणं घालून कोळंबी वाढवतात; तिथले लोक त्यांना ‘घेरी’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चिलिका आणि पुलिकत या दोन्ही सरोवरांपासून हजार मीटरच्या आत कोळंबीच्या तळ्यांना मनाई केली. तरी घेऱ्या पुन्हा पुन्हा उभ्या राहतात आणि प्रशासनाला त्या मोडाव्या लागतात. लहान आसाच्या जाळीत पिल्लंही अडकतात, प्रवाह अडतो, आणि पारंपरिक मासेमाराची जागा जाते. चिलिकावर सुमारे दोन लाख माणसांचं पोट आहे, त्यामुळे हे भांडण नुसतं पर्यावरणाचं नाही.

नवं मुखही जागेवर थांबलेलं नाही. वाळू सरकतेच, तसं तेही सरकतं आणि गाळ काढत राहावं लागतं. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळाने दांडा फोडून आणखी मुखं उघडली, तेव्हा खारेपणाचं गणित पुन्हा नव्याने मांडावं लागलं. दुसऱ्या टोकाला, कटकजवळ नराजला महानदीवर बंधारा आहे. तिथून किती पाणी कुठल्या फाट्यात सोडायचं, यावर चिलिकाला पावसाळ्यात किती गोडं पाणी मिळेल आणि पुराच्या रेट्याने मुखातला किती गाळ धुऊन निघेल, हे ठरतं. उजनीतून पाणी केव्हा आणि कुणाला सोडायचं यावर दरवर्षी होणारी आपली वादावादी आठवा. महानदीच्या वाटपात शेती आहे, शहरं आहेत, कारखाने आहेत. त्याच हिशेबात आता सरोवराचा वाटाही मोजावा, असं पाणथळींचे अभ्यासक सांगत आले आहेत.

पाहायला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाखरांसाठी मंगळाजोडी, डॉल्फिनसाठी सातपाडा. डॉल्फिन दिसला की नावाड्याला होडी जवळ घ्यायला सांगू नका. इंजिन बंद करायला सांगा.