उन्हात टाकलेल्या गादीतले ढेकूण खरोखर मरतात का?

मे महिन्याच्या कडक उन्हात गादी गच्चीवर टाकली की ढेकूण मरतात, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. ढेकूण आणि त्यांची अंडी मरण्यासाठी सुमारे ५० अंश सेल्सिअस उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचावी लागते. कापूस ती सहजी आत जाऊ देत नाही, त्यामुळे वरचे कापड हाताला चटका देत असतानाही ढेकूण खालच्या, थंड बाजूला सरकतात. गादीच्या काठाची शिवण नखाने उलगडून पाहावी. शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा आणि खसखशीएवढी पांढरी अंडी त्या दुमडीतच चिकटलेली आढळतात. तिथे वाफेच्या यंत्राचे तोंड अगदी सावकाश फिरवावे, गादी पूर्ण वाळवावी आणि चेन असलेल्या घट्ट खोळीत बंद करावी. ढेकूण उपाशी राहूनही अनेक महिने जगतात, म्हणून ती खोळ वर्षभर काढू नये. पलंगाच्या खाचांनाही हीच वाफ द्यावी.

रॉकेल मुळीच ओतू नये, कारण ते कापसात मुरते आणि एका ठिणगीने गादी पेटते. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर झोपण्याच्या खोलीत कधीही नकोत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने झोपेतच माणसे दगावली आहेत, आणि त्यांत लहान मुलेही होती.