ट्रम्पेटच्या पोटात काय साचते?

ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्यासाठी आतबाहेर सरकणारी वळणदार नळी, पूर्ण बाहेर काढावी, माउथपीस बाजूला ठेवावा आणि माउथपीस ज्या सरळ नळीत बसतो ती लीडपाइप नावाची नळी दिव्याकडे रोखून तिच्या एका टोकाला डोळा लावावा. वाद्य स्वच्छ असेल तर नळीच्या भिंती आतून चकाकतात आणि दुसऱ्या टोकाला उजेडाचे रेखीव वर्तुळ दिसते. वाद्य कित्येक महिने धुतलेच नसेल तर त्या वर्तुळाची कड खडबडीत दिसते, भिंतीवर हिरवट-करडा, बुळबुळीत थर चढलेला असतो आणि नाक जवळ नेले तर कुबट वासही येतो. गंमत अशी, की हेच वाद्य बाहेरून लख्ख असू शकते. ट्रम्पेटची निगा म्हटली की बहुतेकांना पॉलिशची बाटली आणि मऊ फडके आठवते. पण या वाद्याचे खरे नुकसान आतून होते, आणि त्याला लागणारी सामग्री वादकाच्या श्वासातूनच आत जाते.

सर्वाधिक वापरात असलेल्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली तर तिची लांबी सुमारे १४८ सेंटिमीटर भरते आणि तिच्या दंडगोल भागाचा आतला व्यास ११.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. या अरुंद बोगद्यातून वादकाचा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाचा, बाष्पाने पुरेपूर भरलेला उच्छ्वास जातो. एक घनमीटर हवा ३४ अंशांना जवळपास ३७ ग्रॅम बाष्प सामावू शकते, तर २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम. म्हणजे खोलीच्या तापमानाला असलेल्या पितळेवरून हजार लिटर श्वास गेला आणि तो पूर्ण थंड झाला, तर सुमारे २० ग्रॅम पाणी भिंतींवर जमेल. प्रत्यक्षात श्वास तितका थंड होण्याआधीच बाहेर पडतो, म्हणून पाणी त्याहून कमी साचते. पण स्लाइडच्या वळणावरची वॉटर की, म्हणजे पाणी काढण्याची छोटी झडप, दाबल्यावर जमिनीवर जे पडते, ते प्रामुख्याने हेच पाणी असते. त्याला सर्रास थुंकी म्हणतात, तो त्या बिचाऱ्या वादकावर थोडा अन्यायच आहे.

अर्थात हे पाणी शुद्धही नसते. त्यात लाळेचे सूक्ष्म थेंब मिसळलेले असतात आणि लाळेबरोबर क्षार, प्रथिने, तोंडातले जिवाणू आणि नुकत्याच खाल्लेल्या पदार्थांचे कणही येतात. उच्छ्वासातल्या हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. वाजवून झाल्यावर पाणी न काढता वाद्य पेटीत बंद करणे म्हणजे किंचित आम्लधर्मी, क्षारयुक्त आणि अन्नांश असलेले डबके धातूच्या भिंतीला रात्रभर लावून ठेवणे होय.

धातूच्या बाजूने पाहिले तर हा प्रकार अधिकच रंजक ठरतो. ट्रम्पेटसाठी वापरले जाणारे नेहमीचे पिवळे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे मिश्रण. या दोघांपैकी जस्त रासायनिकदृष्ट्या पुष्कळच अधिक क्रियाशील आहे. क्लोराइड असलेल्या आम्लधर्मी ओलाव्याशी दीर्घकाळ संबंध आला की पितळेतले जस्त हळूहळू विरघळून निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. या क्रियेला जस्तक्षय म्हणता येईल. ती नळीच्या आतून सुरू होऊन बाहेरच्या बाजूस येते. म्हणूनच लीडपाइपच्या बाहेरच्या अंगावर लॅकरखाली (पितळेवरच्या पारदर्शक संरक्षक लेपाखाली) टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी-तांबूस ठिपके दिसू लागले, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी बारीक गडद बिंदू असला, तर समजावे की त्या जागी भिंत जवळजवळ आरपार पोखरली गेली आहे. अशा ठिपक्यांवर पॉलिश घासून काहीच साधत नाही, कारण गेलेले जस्त परत येत नाही. लीडपाइप बदलणे हाच उपाय उरतो. काही निर्माते लीडपाइपसाठी ८५ किंवा ९० टक्के तांबे असलेले पितळ वापरतात, त्यामागचे एक कारण हेच आहे: जस्त जितके कमी, तितका हा क्षय मंद.

भिंतीवरच्या बुळबुळीत थरात केवळ लाळ आणि तेल नसते. जिवाणू आणि बुरशी स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून तिथे वसाहत करतात. शास्त्रज्ञ तिला जैवपटल म्हणतात. तांबे अनेक सूक्ष्मजीवांना घातक असते हे खरे, पण हे पटल एकदा जमले की वरच्या थरातल्या जिवांचा धातूशी संबंधच येत नाही. हे जीव वादकाला बाधू शकतात का, याचे एक बोलके उदाहरण २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे खोकल्याने त्रस्त असलेल्या ट्रॉम्बोन या ट्रम्पेटसारख्याच पितळी वाद्याच्या एका वादकाला फुफ्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह झाल्याचे निदान झाले. त्याच्या वाद्यातून घेतलेल्या नमुन्यांत मायकोबॅक्टेरिया गटातले जिवाणू आणि फ्युझेरियम ही बुरशी आढळली, आणि वाद्य नियमितपणे निर्जंतुक करू लागल्यावर त्याचा त्रास ओसरला. असे रुग्ण अगदी विरळ असतात, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वाजवताना मध्येच ओठ न काढता नाकावाटे-तोंडावाटे घेतलेल्या श्वासाबरोबर नळीतली थोडी हवा परत छातीत जाऊ शकते, एवढे लक्षात ठेवावे.

मळाचा स्वरांवर होणारा परिणाम मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. लीडपाइपचा सुरुवातीचा भाग ९ मिलिमीटरच्या आसपास अरुंद असतो. तिथे चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर थर चढला तर व्यास ८ मिलिमीटर होतो आणि छेदाचे क्षेत्रफळ एकदम पाचव्या हिश्शाने घटते. ट्रम्पेटमधला स्वर हा नळीतल्या हवेत उभ्या राहिलेल्या स्थिर तरंगाचा परिणाम असतो. या तरंगात काही जागी हवेचा दाब जोराने कमीजास्त होतो पण हवा फारशी हलत नाही, तर काही जागी हवा जोराने पुढेमागे होते पण दाब जवळपास स्थिर राहतो. पहिल्या प्रकारच्या जागी नळी अरुंद झाली तर स्वर किंचित चढतो. दुसऱ्या प्रकारच्या जागी झाली तर तो उतरतो. या जागा प्रत्येक स्वरासाठी निरनिराळ्या असल्यामुळे मळाचा एकच थर एका स्वराला वर ढकलतो आणि दुसऱ्याला खाली ओढतो. वाद्य सरसकट चढे किंवा उतरे लागत असते तर ट्यूनिंग स्लाइड सरकवून काम भागले असते. इथे मात्र वाद्य स्वतःशीच बेसूर होते आणि वादक आपल्या ओठांना दोष देत बसतो.

धुण्याची कृती अवघड नाही, मात्र तिचा क्रम महत्त्वाचा आहे. टबाच्या तळाशी जाड टॉवेल अंथरावा, कारण बेलच्या, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाच्या, पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते आणि टणक पृष्ठभागावर साधा धक्का बसला तरी पोचा येतो. पाणी कोमट हवे, हाताला गरम लागणारे नव्हे: लॅकर आणि पितळ तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि गरम पाण्यात लॅकरचे पोपडे सुटू लागतात. भांडी धुण्याच्या यंत्रात ट्रम्पेट घालण्याचा प्रयोग करणारेही असतात. तिथले तापमान आणि तीव्र अल्कधर्मी चूर्ण मिळून एका फेरीत वाद्याची रया घालवू शकतात.

आधी स्लाइड काढाव्यात. ट्रम्पेटला हवेचा मार्ग बदलणारे, बोटाने दाबायचे तीन व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येकाला स्वतःची स्लाइड असते. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना तो तो व्हॉल्व्ह दाबून धरावा. व्हॉल्व्ह दाबलेला नसताना स्लाइडच्या फेऱ्यातली हवा दोन्हीकडून कोंडलेली असते. स्लाइड ओढली की तिचे आकारमान वाढते, दाब घटतो आणि शेवटी फट्‌कन आवाज करून स्लाइड सुटते. तो आवाज ऐकायला मजेशीर वाटतो, पण त्या झटक्याने पिस्टन (व्हॉल्व्हमध्ये वरखाली सरकणारा दट्ट्या) आणि तो ज्यात बसतो ती कोठी यांच्यामधला तेलाचा पातळ थर फाटतो. नंतर वरची टोपणे उघडून पिस्टन एकेक करून सरळ वर उचलावेत, खालची टोपणेही काढावीत आणि सारे भाग काढल्या क्रमानेच फडक्यावर मांडावेत. पिस्टनच्या वरच्या भागातल्या फेल्टच्या चकत्या भिजू देऊ नयेत. भिजून दबलेल्या फेल्टची जाडी बदलते, पिस्टन थोडा वर किंवा खाली थांबू लागतो आणि त्याच्यातली भोके नळीच्या तोंडांशी नीट जुळत नाहीत.

पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब पुरतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलकट पदार्थाला. त्यामुळे जुने तेल, ग्रीस आणि त्यात अडकलेला मळ बारीक गोळ्यांच्या रूपात सुटून येतो. वाद्य पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे आणि मग प्लॅस्टिकचे वेष्टण असलेल्या लवचीक तारेचा ब्रश लीडपाइपमधून आणि प्रत्येक स्लाइडमधून फिरवावा. लीडपाइपमधला पहिला फेरा पाहण्यासारखा असतो: ब्रश बाहेर येतो तो राखाडी-हिरव्या गाळाचे लोंबते तुकडे घेऊनच. वळणात ब्रश अडला तर जोर करू नये. दुसऱ्या टोकाने प्रयत्न करावा. पिस्टनला ब्रश लावूच नये, ते मऊ कापडाने पुसावेत आणि त्यांच्यातली भोके कापडाच्या पिळाने साफ करावीत. शेवटी साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ कोमट पाणी सोडावे आणि वाद्य टॉवेलवर उघडेच सुकू द्यावे.

पिस्टनच्या बाबतीत इतका हळवेपणा का, हे त्यांच्या रचनेत दडलेले आहे. आज ट्रम्पेटमध्ये वापरला जाणारा व्हॉल्व्ह मूलतः पॅरिसमधल्या फ्रांस्वा पेरिने यांनी १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेवर आधारलेला आहे. पिस्टन आणि त्याची कोठी यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्या फटीत कापडाचा एक तंतू शिरला तरी पिस्टन अडखळतो. त्या फटीत राहणारे तेल दोन कामे करते: घर्षण कमी करते आणि हवेची गळती रोखते. म्हणून ते पातळ, खनिज किंवा संश्लेषित व्हॉल्व्ह-तेलच असावे; खाद्यतेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट होते आणि शिवणयंत्राचे तेल फार दाट पडते. जुन्या, झिजलेल्या पिस्टनची फट वाढलेली असते, तेव्हा त्यांना किंचित दाट व्हॉल्व्ह-तेल मानवते.

पिस्टन परत बसवताना त्यांच्यावर कोरलेले १, २, ३ हे आकडे पाहून ज्याच्या त्याच्या कोठीतच घालावेत. प्रत्येक पिस्टनवर तीन-चार थेंब तेल सोडून तो सरळ खाली उतरवावा आणि हलकेच फिरवावा. पिस्टनवरची मार्गदर्शक पट्टी कोठीतल्या खाचेत पडली की बारीक टक्‌ असा आवाज येतो आणि पिस्टन फिरेनासा होतो. सगळे जोडून फुंकल्यावर हवा पुढे जातच नसेल तर घाबरू नये, बहुधा दोन पिस्टनांची अदलाबदल झालेली असते. ट्यूनिंग स्लाइडला दाट ग्रीस लावावे, कारण ती लावलेल्या जागी टिकली पाहिजे. तिसरी स्लाइड वाजवताना बोटाने सरकवावी लागते, म्हणून तिला पातळ वंगण हवे.

माउथपीस मात्र आठवड्यातून एकदा तरी कोमट साबणपाण्याने आणि त्याच्या निमुळत्या ब्रशने धुवावा. तो लीडपाइपमध्ये अडकून बसणे ही सर्वांत सामान्य दुर्घटना होय. माउथपीसच्या दांड्याचा व्यास लांबीच्या साधारण विसाव्या भागाने निमुळता होत जातो. हा उतार इतका कमी आहे, की घर्षण त्याला सहज पुरून उरते आणि एकदा पाचर बसली की ती आपोआप सुटत नाही. पक्कड लावून पिळल्यास लीडपाइपचाच पीळ पडतो. यासाठी स्क्रूने समान ताण देणारे साधे अवजार मिळते, तेच वापरावे किंवा कारागिराकडे जावे.

बाहेरच्या बाजूविषयी थोडक्यात सांगायचे तर लॅकर केलेल्या वाद्याला पितळेचे पॉलिश कधीही लावू नये, कारण त्यातले खरखरीत कण पितळेपर्यंत पोचण्याआधी लॅकरच खरवडून काढतात. घामातले क्षार घालवण्यासाठी वाजवून झाल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे असते. चांदीचा मुलामा काळवंडतो तो हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, चांदीचे सल्फाइड तयार होऊन. चांदीचे पॉलिश दर वेळी या सल्फाइडबरोबर मुलाम्याचाही अंश नेते, म्हणून ते क्वचितच वापरावे. पेटीत रबर बँड ठेवणे टाळावे, कारण रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते आणि रबर बँड ज्या जागी टेकेल तिथे चांदीवर काळा पट्टा उमटतो.

रोज वाजवणाऱ्याने महिन्यातून एकदा घरी वाद्य धुवावे आणि वर्षातून एकदा ते कारागिराकडे द्यावे. कारागीर सेकंदाला सुमारे ४० हजार कंपने असलेल्या श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) लहरी द्रवातून सोडतात. त्यामुळे निर्माण होणारे सूक्ष्म बुडबुडे फुटताना ब्रश पोचत नाही अशा वळणांतला कठीण थरही उखडून काढतात. या दोन्हींपेक्षा सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट म्हणजे वाजवायला बसण्यापूर्वी दात घासून चूळ भरणे, विशेषतः काही गोड खाल्ले असेल तर. कारण लाळेबरोबर नळीत गेलेली साखर हे त्या जैवपटलाचे सर्वांत आवडते खाद्य आहे.