कोर्बियेर

कोर्बियेर : दक्षिण फ्रान्समधील डोंगराळ व विरळ वस्तीचा प्रदेश. त्याचा बहुतांश भाग ऑद जिल्ह्यात आणि दक्षिणेकडचा काही भाग पिरेनीज-ओरिएंताल जिल्ह्यात मोडतो. पश्चिमेस व उत्तरेस ऑद नदीचे खोरे, पूर्वेस भूमध्य समुद्राकाठची खाजणे आणि दक्षिणेस आग्ली नदीचे खोरे, अशा त्याच्या ढोबळ सीमा सांगता येतात. दक्षिण सीमेबाबत मात्र एकवाक्यता नाही. आग्लीच्या खोऱ्यातील फेनुयेद हा भाग काही भूगोलकार कोर्बियेरमध्ये धरतात, तर काही वेगळा मानतात. फ्रान्स आणि आरागॉन (पुढे स्पेन) यांची सरहद्द सुमारे चार शतके याच्या दक्षिण अंगाने जात होती. आज ओळखले जाणारे इथले किल्ले मुख्यतः त्या सरहद्दीचे अवशेष आहेत.

भूरचना : प्रदेश प्रामुख्याने चुनखडकाचा असून मधल्या मूथूमे भागात जुने पाटीचे खडक उघडे पडले आहेत. सर्वोच्च शिखर ब्युगाराश (१,२३० मी.). या शिखराची रचना उलटी आहे : पिरेनीजच्या घडणीच्या वेळी जुने जुरासिक थर नव्या क्रिटेशस थरांवर सरकून बसले. २१ डिसेंबर २०१२ रोजी जगबुडी होणार व हे शिखर तेवढे वाचणार, अशी आवई उठल्याने त्या दिवसांत प्रशासनाला डोंगरावर जाण्यास बंदी घालावी लागली होती. शिखराच्या प्रसिद्धीत भूशास्त्रापेक्षा या आवईचाच वाटा मोठा आहे. ऑर्ब्यू, व्हेर्दूब्ल व आग्ली या प्रमुख नद्या. आग्लीने चुनखडक कापून तयार केलेल्या गालाम्युसच्या घळईत कड्याला चिकटून सेंट अँथनीचा आश्रम आहे. वायव्येकडून येणारा कोरडा, जोराचा वारा (स्थानिक नाव सेर्स, दक्षिणेकडे त्रामोंतान) आणि खुरट्या सुगंधी झुडपांचे रान (गारिग) ही इथली ठळक लक्षणे. याच दक्षिण पट्ट्यात तोताव्हेलजवळच्या आरागो गुहेत १९७१ मध्ये सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वीची मानवी कवटी सापडली.

सरहद्द : अकराव्या-बाराव्या शतकांत हा मुलूख बेसाल्यू, बार्सेलोना, नार्बोन व कार्कासोन येथील सत्तांच्या ओढाताणीत होता. पुढे किल्ले म्हणून गाजलेल्या ठिकाणांपैकी केरिब्युसचा उल्लेख १०२० च्या, तर पेरपेर्त्यूजचा सुमारे १०७० च्या दस्तऐवजात येतो. मात्र त्या काळी डोंगरावर नेमके कसले बांधकाम होते, हे या उल्लेखांवरून ठरवता येत नाही. कॅथर या पाखंडी ठरवलेल्या पंथाविरुद्धच्या अल्बिजन्सी धर्मयुद्धात (१२०९–२९) उत्तर फ्रान्सच्या सैन्याने बेझिए व कार्कासोन घेतल्यावर कोर्बियेरमधील सरंजामदार एकेक करून नमले. ११ मे १२५८ रोजी झालेल्या कोर्बेयच्या तहाने फ्रान्सचा नववा लुई व आरागॉनचा पहिला जेम्स यांनी एकमेकांच्या प्रदेशांवरील जुने हक्क सोडले आणि फेनुयेद व त्याच्या दक्षिणेचा रूसियों प्रांत यांच्यामधली रेघ सरहद्द ठरली. लातूर-द-फ्रांस या गावाच्या नावात ती अजून टिकून आहे. पलीकडच्या बाजूसही हालचाल होती. जेम्सने १२४६ च्या सुमारास ओपूलचा किल्ला उभारला आणि आरागॉनचा राजा दुसरा फर्डिनांड याच्या काळात १४९७ पासून सालसचा अवाढव्य, तोफांच्या युगाला साजेसा भुईकोट बांधला गेला. १४६३ ते १४९३ या काळात रूसियों फ्रान्सच्या ताब्यात होता. तो खंड वगळता ही सरहद्द ७ नोव्हेंबर १६५९ च्या पिरेनीजच्या तहापर्यंत राहिली. त्या तहाने रूसियों कायमचा फ्रान्सकडे आला आणि हद्द पर्वतमाथ्यावर सरकली. राजकीय रेघ पुसली गेली तरी भाषेची राहिली : फेनुयेदची परंपरागत बोली ऑक्सितान, रूसियोंची कातालान. १७९० मध्ये जिल्हे आखताना फेनुयेद रूसियोंबरोबर एका जिल्ह्यात घातला गेला, त्यामुळे आजची जिल्हासीमा या जुन्या रेघेशी जुळत नाही.

किल्ले व त्यांच्या कालाचा प्रश्न : पेरपेर्त्यूज, केरिब्युस, प्युइलोराँस, आगिलार व तेर्म हे पाच किल्ले ‘कार्कासोनचे पाच पुत्र’ म्हणून ओळखले जातात, कारण फ्रेंच राजवटीत ते कार्कासोनच्या सुभेदाराच्या (सेनेशाल) अखत्यारीत होते. पर्यटन साहित्यात मात्र ते सर्रास ‘कॅथर किल्ले’ ठरतात. कॅथर हा बाराव्या-तेराव्या शतकांतील द्वैतवादी ख्रिस्ती पंथ. रोमच्या चर्चने तो पाखंडी ठरवून धर्मयुद्ध पुकारले. या पंथाने स्वतःचे किल्ले बांधल्याचा पुरावा नाही. स्थानिक सरंजामदारांच्या तटबंद गावांत त्याच्या साधूंना आसरा मिळे, इतकेच कागदोपत्री दिसते. पंथ संघटित होता की विरोधकांनी निरनिराळ्या असंतुष्टांना एका नावाखाली आणले, यावरही १९९० नंतर इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. पंथाचे अस्तित्व पूर्णपणे नाकारणारा पक्ष टोकाचा वाटतो. धर्मचौकशीच्या जबान्यांतून विधी व श्रेणी असलेला समुदाय दिसतो, मात्र त्याच्या विस्ताराचे जुने अंदाज फुगवलेले असावेत.

आज दिसणाऱ्या भिंती कोणाच्या, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय. बांधणीचा पुरावा बऱ्यापैकी एकमुखी आहे. गोल बुरूज, तळाशी रुंद होत जाणाऱ्या उभ्या जंग्या (बाण मारण्याच्या फटी) आणि मधला भाग फुगीर ठेवलेले घडीव चिरे ही कार्कासोनच्या बाहेरील तटावर व राजाच्या इतर बांधकामांत आढळणारी लक्षणे इथेही दिसतात. त्यावरून बहुतेक बांधकाम तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे धर्मयुद्ध आटोपल्यानंतरचे व राजाच्या खर्चाने झालेले मानले जाते. जुने दगड नव्या भिंतींत कितपत मिसळले, हे जागोजागी वेगळे आहे. पेरपेर्त्यूजच्या खालच्या भागात आधीचे चर्च व वाडा ओळखता येतो, तर आगिलारमध्ये मधला बालेकिल्ला जुना व सहा बुरुजांचा भोवतालचा तट नंतरचा मानतात. कोर्बियेरबाहेरच्या मोंसेग्युरबाबतही हेच. मार्च १२४४ मध्ये दोनशेहून अधिक कॅथर जिथे जाळले गेले ती वस्ती डोंगरउतारावर उत्खननात सापडली. माथ्यावर उभा असलेला किल्ला मात्र विजेत्यांच्या घराण्याने पुढे बांधलेला आहे. तो सूर्यमंदिर असल्याचा विसाव्या शतकातील तर्क त्यामुळे आपोआपच निकालात निघतो.

हे किल्ले कॅथरांचे असल्याचा समज रुजवण्यात एकोणिसाव्या शतकातील पाद्री नापोलियों पेरा यांचा वाटा मोठा आहे. पुढे आर्क गावचे देओदा रोशे (१८७७–१९७८) यांनी कॅथर विचारांच्या पुनरुज्जीवनाला वाहून घेतले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑद जिल्ह्याने ‘कॅथर देश’ हे नाव पर्यटनासाठी अधिकृतपणेच स्वीकारले. आर्कचा देखणा चौकोनी बालेकिल्ला तर धर्मयुद्धात जमीन मिळालेल्या व्होआजें घराण्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला. तोही कॅथर किल्ल्यांच्या यादीत असावा, हे जरा विनोदीच आहे.

पेरपेर्त्यूज : सुमारे ८०० मी. उंचीवर, अरुंद कड्यावर जवळपास ३०० मी. लांब पसरलेला हा पाचांतील सर्वांत मोठा किल्ला. १२३९ मध्ये रूसियोंचा सरदार नून्यो सांचेस याने तो नवव्या लुईला विकला, पण प्रत्यक्ष ताबा गियोम द पेरपेर्त्यूजकडेच राहिला. पुढच्या वर्षी कार्कासोनच्या पदच्युत सरंजामदार घराण्यातील त्रांकाव्हेलचे बंड मोडल्यावर नोव्हेंबर १२४० मध्ये त्याने किल्ला सोडला. खरेदीखत आधी आणि कब्जा नंतर, असा हा व्यवहार. पश्चिमेकडील सर्वांत उंच खडकावर राजाने सान जोर्दी हा स्वतंत्र उपकिल्ला बांधला. तिथे जाणारा, कड्याच्या उघड्या अंगाला खडकात खोदलेला जिना ‘संत लुईचा जिना’ म्हणून प्रसिद्ध आहे. तो १२४२ च्या राजाज्ञेशी जोडला जातो. पायऱ्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्या असून हाताला आधार म्हणून खडकात दोर ठोकले आहेत. सान जोर्दीतून खालचा सर्व किल्ला नजरेत येतो, त्यामुळे खालचा भाग पडला तरी वर तग धरता यावा, हा हेतू स्पष्ट दिसतो. १३६७ मध्ये स्पेनमधील नाहेराच्या लढाईत हरल्यावर कास्तीयच्या गादीचा दावेदार एन्रिके इथे आश्रयाला होता, असे म्हणतात.

पाण्याची व्यवस्था हा या सर्व किल्ल्यांचा कच्चा दुवा. सह्याद्रीच्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात. इथला चुनखडक सच्छिद्र असल्याने चुन्याचा गिलावा दिलेले बांधीव हौद करून छपरांवरचे पाणी त्यांत उतरवावे लागे. तेर्मच्या वेढ्यात (१२१०) याचाच फटका बसला. धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द मोंफोर याच्या सैन्याला सुमारे चार महिने दाद न देणाऱ्या शिबंदीचे पाणी संपले. तहाची बोलणी चालू असतानाच पाऊस पडला आणि बोलणी फिसकटली. पण दूषित पाण्याने हगवण पसरून अखेर नोव्हेंबरात किल्ला गेला.

केरिब्युस : ७२८ मी. उंचीवरील हा किल्ला कॅथरांचे अखेरचे ठाणे म्हणून सांगितला जातो. १२५५ मध्ये किल्लेदार शाबेर द बार्बेरा याने तो राजाच्या स्वाधीन केला. त्याला पकडणारा ओलिव्हिए द तेर्म हा १२१० मध्ये तेर्म लढवणाऱ्या रेमोंचाच मुलगा, पुढे राजाच्या बाजूला गेलेला. मोठा वेढा पडला की शाबेरच्या सुटकेच्या बदल्यात किल्ला मिळाला, याविषयी साधने त्रोटक आहेत. दुसरा पर्याय अधिक संभवनीय दिसतो. बालेकिल्ल्यातील दालनाचे छत एकाच उंच खांबावर तोललेले असून तो खांब दालनाच्या बरोबर मध्यावर नाही. याचे गूढ अर्थ लावले जातात. टप्प्याटप्प्याने झालेली दुरुस्ती हे साधे स्पष्टीकरण पुरेसे आहे.

प्युइलोराँस, आगिलार, तेर्म : प्युइलोराँस (सुमारे ७०० मी.) सूचिपर्णी वृक्षांच्या रानात असून त्याची नागमोडी चढण व तटावरील शौचकूप चांगल्या स्थितीत आहेत. आगिलार बुटक्या टेकडीवर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध आहे. तेर्म १६५३–५४ मध्ये सरकारी हुकमाने सुरुंग लावून पाडला. सरहद्द सरकल्यावर उरलेल्या किल्ल्यांत मूठभर शिबंदी राहिली. त्यांपैकी केरिब्युस व पेरपेर्त्यूज विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संरक्षित वास्तू ठरले. कार्कासोनची तटबंद नगरी १९९७ पासून जागतिक वारसायादीत आहे, तर तिच्या पहाऱ्यावरचे हे डोंगरी किल्ले २०१७ मध्ये फ्रान्सच्या संभाव्य यादीत घेतले गेले. त्या प्रस्तावाच्या शीर्षकात ‘कॅथर’ हा शब्द नाही.

गावे : बहुतेक गावे दगडी व लहान असून किल्ल्याच्या पायथ्याशी दाटलेली आहेत : पेरपेर्त्यूजखाली द्युइयाक, केरिब्युसखाली पवनचक्कीचे क्युक्युन्याँ. ऑर्ब्यूकाठचे लाग्रास बेनेडिक्टीन मठाभोवती वाढले. मठाची सनद शार्लमेनच्या नावे, आठव्या शतकाच्या अखेरची आहे. व्हिलरूज-तेर्मनेस येथील किल्ला नार्बोनच्या आर्चबिशपचा. तिथे १३२१ मध्ये लांगदॉक या दक्षिण फ्रान्सच्या प्रांतातील अखेरचा ज्ञात कॅथर साधू गियोम बेलिबास्त याला जाळण्यात आले. म्हणजे कॅथर इतिहासाशी सर्वांत थेट नाते असलेला हा किल्ला त्यांच्या शत्रूचा होता.

शेती व पर्यटन : द्राक्ष हे प्रमुख पीक. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या फिलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले. पुढे भाव कोसळून १९०७ मध्ये लांगदॉकभर शेतकऱ्यांचा उठाव झाला व त्यानंतर सहकारी मद्यशाळा पसरल्या. फितू (१९४८) व कोर्बियेर (१९८५) या मद्यांना उगमस्थानाची अधिकृत मान्यता आहे. कारिन्याँ, ग्रनाश व सिरा या मुख्य जाती. पोर-ला-नूव्हेलच्या किनाऱ्यापासून फ्वापर्यंत सुमारे २५० किमी.ची ‘कॅथर वाट’ किल्ले व गावे जोडते. ती पायी साधारण १२ टप्प्यांत होते. वादळी वाऱ्यात व विजांच्या वेळी पेरपेर्त्यूज बंद ठेवतात, उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे रानवाटाही बंद होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये रिबोतजवळ पेटलेल्या वणव्यात कोर्बियेरमधील सुमारे १६,००० हेक्टर क्षेत्र होरपळले. अनुदान घेऊन उपटलेले व पडीक राहिलेले द्राक्षमळे पूर्वी आगीला आडकाठी करीत, असे स्थानिक शेतकऱ्यांचे म्हणणे असून मळे राखण्याची मागणी त्यानंतर जोर धरू लागली आहे.